ओट्याची उंची

भावजींचा फोन आला तेव्हा मी वैभववाडीच्या बाजारात लाल माठाची जुडी हातात घेऊन भाजीवालीशी घासाघीस करत होते. गेले काही महिने त्यांचा फोन म्हणजे एकच विषय असायचा. गवंडी आला नाही, लादीच्या पेटीत चार फुटक्या निघाल्या, सुताराने दरवाजा उलट्या बाजूला उघडणारा लावला. त्यामुळे फोन कानाला लावता लावताच मी विचारलं, "आज कोण येवक नाय?" पलीकडून भावजी म्हणाले, "शैला, सुमन गेली गो..." मी जुडी टोपलीत परत ठेवली एवढं मला आठवतं. जिच्याशी इतका वेळ भांडत होते तिनेच मला हाताला धरून आपल्या बसायच्या खोक्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि भावजींच्या गावी, मसुऱ्याला जायला गाडी कुठून मिळेल याची चौकशी सुरू केली.

सुमन म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या भागात तिला नावाने कमी लोक ओळखायचे, 'इस्टिमेटवाली बाय' म्हटलं की घर दाखवायचे. आमच्या वेळच्या मुली शिकल्या तर माझ्यासारख्या शिक्षिका व्हायच्या. ताईने बांधकामाचा डिप्लोमा केला. वर्गात एकटी मुलगी. आईला वाटायचं, ही आता डोक्यावर घमेलं घेऊन फिरणार. पुढे ओरोसला सरकारी कार्यालयात तिला नोकरी लागली आणि ती रोज एसटीने जायला लागली. त्या एसटीचे ड्रायव्हर म्हणजे आमचे भावजी. एरवी एक मिनिट कुणासाठी न थांबणारी गाडी आमच्या ताईसाठी थांबायला लागली, तेव्हाच वाडीला सगळं कळलं होतं. भावजी ताडमाड उंच, ताई त्यांच्या खांद्याच्याही खाली. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला विटेवर उभं केलंय, शालू खाली ओढून वीट झाकलीय, तरी तिचा एक कोपरा दिसतोच. ती वीट मी कुणाला दाखवल्याशिवाय राहत नाही.

पुढे तिने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि घरदुरुस्तीची इस्टिमेटं करायला लागली. नवीन घर बांधणाऱ्याला आराखडा मिळतो, इंजिनिअर मिळतो. जुनं घर दुरुस्त करणाऱ्याला कोण मिळतं? गवंडी येतो, भिंतीवर थाप मारतो, एक आकडा सांगतो. अर्धं काम झालं की भिंतीच्या आतून दुसराच आकडा बाहेर येतो. मग मुंबईहून आलेले भाऊ एकमेकांची तोंडं बघतात आणि चतुर्थीला गणपती प्लास्टिकच्या कागदाखाली बसतो. ताईला हे बघवायचं नाही. ती म्हणायची, घराच्या पैशावरून घर फुटतं ते पैसे कमी पडतात म्हणून नाही, आधी कुणी नीट सांगितलेलं नसतं म्हणून.

तिची पद्धत तिचीच होती. पावसात बघितल्याशिवाय ती कुठल्याही घराचा आकडा द्यायची नाही. उन्हाळ्यात सगळीच घरं शहाणी दिसतात, हे तिचं म्हणणं. ऐन आषाढात छत्री, टॉर्च आणि पिशवीत एक दाभण घेऊन ती निघायची. पोती शिवायचं ते दाभण वाशात खुपसून बघायची. सहज आत गेलं की वाळवी. मग घरातल्यांना विचारायची, गाडी कुठवर येते? कारण आमच्याकडे घरं उतारावर, पाणंदीच्या टोकाला. चिरा, वाळू, सिमेंट सगळं शेवटचा टप्पा माणसाच्या डोक्यावरून येतं, आणि ती मजुरी शहरातल्या इस्टिमेटात कधीच नसते. ताईच्या इस्टिमेटात ती असायची. कामगारांचा चहा असायचा. आणि सगळ्यांत शेवटी 'मतबदल' अशी एक ओळ असायची. म्हणजे काम सुरू झाल्यावर घरच्यांची मनं जी बदलतात, खिडकी इथे नको तिथे, पांढरी लादी नको हिरवी, त्यासाठी बाजूला ठेवायचे पैसे. लोक हसायचे, आमचं मत कशाला बदलेल म्हणायचे. त्या ओळीतले पैसे उरले असं मात्र फार थोड्या घरांत झालं.

पण या सगळ्याच्या आधी, घरात पाऊल टाकल्या टाकल्या, ती एकच प्रश्न विचारायची. "घरात सगळ्यात जास्ती येळ कोण आसता?" पैसे कोण देणार, हे ती नंतर विचारायची. एकदा मी तिच्याबरोबर एका घरी गेले होते. मुंबईच्या तीन मुलांना पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या होत्या, छताला पीओपी, बाहेर झोपाळा. ताईचा प्रश्न ऐकून सगळ्यांनी चुलीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या आईकडे बघितलं. ती बिचारी पदर सावरत म्हणाली, "माका काय इचारतंस? झिलांका इचार. पैसे तेंचे." ताई तिच्याशेजारी बसली. म्हणाली, "पैसे तेंचे, काकी, पण घर तुमचा." मग काकी हळूच बोलल्या. पावसात मागीलदारच्या न्हाणीपर्यंत जाताना पाय घसरतो, न्हाणी घरात आली तर बरं. ताईने इस्टिमेटात पहिली ओळ न्हाणीची लिहिली आणि झोपाळा सगळ्यांत खाली नेला. तिचे तीन भाग ठरलेले असत. नाही केलं तर पडेल ते पहिलं, नाही केलं तर त्रास होईल ते दुसरं, आणि नाही केलं तरी चालेल पण शेजाऱ्यांनी केलंय ते तिसरं. हे तिसरं शीर्षक ती खरोखर असंच लिहायची, आणि त्यावरून एक गिऱ्हाईक तिच्यावर रुसलंही होतं.

इस्टिमेट वाचायची रीत याच घरात सुरू झाली. ताईला कागद देऊन निघून जाणं पसंत नव्हतं. घरात ज्यांचा ज्यांचा वाटा आहे, त्या सगळ्यांना पडवीत बसवून ती एकेक ओळ मोठ्याने वाचायची. तिथल्या वाचनाच्या दिवशी शेजारचे बाबलकाका सहज येऊन बसले होते. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते आपल्याला माहीत आहेच. एकजण देवाला साकडं घालतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. ताईने पहिली ओळ वाचली, "मागील दाराची न्हाणी घरात घेणे..." आणि बाबलकाकांनी खणखणीत आवाजात "होय म्हाराजा!" ठोकलं. सगळी पडवी हसली. दुसऱ्या ओळीला काकीही म्हणाल्या, तिसऱ्याला मुलगे. पुढे काम अर्ध्यावर असताना त्यातला मधला भाऊ तावातावाने म्हणाला, "ह्या माका कोणी सांगूक नाय!" तेव्हा त्याची आई, जी कधी मोठ्याने बोलायची नाही, ती म्हणाली, "होय म्हाराजा म्हटलंस मरे! सगळ्यात मोठो आवाज तुझोच होतो." प्रश्न मिटला. तेव्हापासून ताईने ही रीतच करून टाकली. गाऱ्हाण्याची थट्टा होते असं एका जाणत्याने तिला ऐकवलं, त्यावर ती म्हणाली, देवासमोर शब्द देतो तसाच एकमेकांसमोर दिला तर देवाला वाईट कशाला वाटेल. तो गृहस्थ पुढच्या वर्षी आपल्या घराचं इस्टिमेट करून घ्यायला आला. आकडा किती झाला हे मला विचारू नका. दुसऱ्याच्या घराचा आकडा ताईने मला, सख्ख्या बहिणीला, कधी सांगितला नाही. मी खोदून खोदून विचारायची आणि ती मला काजू सोलायला बसवायची.

तालुक्यात कुठेही गेलं की मी घरं बघत जाते. हे ताईचं, हे ताईचं, असं मनात म्हणते. पाऊस लागला तरी कोरड्या पडव्या, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला येईल असा पायरीजवळचा कठडा... कुठल्याही घरावर तिचं नाव नाही. मला मात्र ते दिसतं, आणि अभिमानाने ऊर भरून येतो. शाळेत मी इतकी वर्षं शिकवलं, माझे विद्यार्थी कुठल्या कुठे गेले, पण माझं काम असं रस्त्यावरून दाखवता येत नाही. ताईचं येतं.

आणि हिचं स्वतःचं घर? काय सांगू! दुसऱ्यांच्या वाशांत दाभण खुपसणारीच्या माजघरात दर पावसाळ्यात पातेली मांडलेली. स्वयंपाकघरातला ओटा तर जगावेगळा. लग्न झाल्यावर तिने तो हौसेने स्वतःच्या मापाने बांधून घेतला होता. तिच्या मापाने म्हणजे किती ठेंगणा, ते तुम्हीच समजा. माझी उंची तिच्याइतकीच, म्हणून आम्हा दोघींना तो झकास. मी गेले की आम्ही दोघी खांद्याला खांदा लावून तिथे उभ्या राहायचो. ती माशाला मीठ लावणार, मी नारळ खवणार, आणि जागेवरून एकमेकींना कोपराने ढकलणार. लहानपणापासूनची सवय. भावजींना मात्र त्या ओट्याने आयुष्यभराचं निमित्त दिलं. जरा चहा ठेवा म्हटलं की पाठीला हात लावून सांगायचे, "ह्या ओट्यार वाकान माझी कंबर मोडता गो." एसटी चालवून खरंच पाठ धरायची त्यांची, पण ती ओट्यासमोर जरा जास्तच धरायची. निवृत्त झाले तरी त्यांना साधा चहा येत नव्हता.

मग ताईला आजार निघाला. कोणता, किती दिवसांचा, ते इथे लिहीत नाही. डॉक्टरांनी ओरोसच्या दवाखान्यात तिला सगळं स्पष्ट सांगितलं, कारण तिने ते स्पष्ट विचारलं होतं. घर आल्यावर तिने म्हणे पहिलं विचारलं, माझी टॉर्च कुठाय? गेल्या पावसाळ्यात तिने स्वतःच्या घराची पाहणी केली. शिडीवर चढवेना, म्हणून दाभण भावजींच्या हातात दिलं आणि खालून सांगत राहिली, हा वासा, नाही, त्याच्या पलीकडचा.

दिवाळीच्या सुट्टीत तिचा मुलगा संदीप मुंबईहून आला, तेव्हा तिने वाचन ठेवलं. पडवीत भावजी, संदीप, मी आणि मुद्दाम बोलावलेले, आता पुष्कळ वाकलेले बाबलकाका. ताई खुर्चीत उशीला टेकून बसलेली. सुरुवातीलाच संदीप म्हणाला, "आई, बाबांका मी मुंबईक घेवन जातलंय. मग ह्या सगळा कित्याक?" सगळ्यांच्या मनातली गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडली होती. ताईनंतर हे घर बंद होणार, भावजी मुंबईच्या फ्लॅटमध्ये जाणार, हे न बोलता ठरल्यासारखंच होतं. पोरगा प्रेमानेच म्हणत होता. पण भावजी खाली मान घालून आपल्याच पायाची बोटं बघत होते, आणि ताई त्यांच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "इतकी वरसां ह्यांनी हॉर्न वाजवल्यानी. आता तुझ्या गॅलरीत बसान दुसऱ्यांचे ऐकतले?" मग तिने आपला नेहमीचा प्रश्न विचारला, जरा बदलून. "हयसर पुढे जास्ती येळ कोण रवतलो, ता माका सांगा." उत्तराची वाट न बघता तिने स्वतःच भावजींकडे बोट केलं आणि कागद उघडला.

वासे, रिपा, कौलं, माजघराची लादी... बाबलकाका प्रत्येक ओळीला हळू आवाजात होय म्हाराजा म्हणत होते, आम्ही मागोमाग. न्हाणीत धरायला दांडा. रात्री उठल्यावर हाताशी येईल असं पलंगाजवळचं बटण. मग तिने वाचलं, "स्वयंपाकघरातील जुना ओटा तोडून नवीन बांधणे. उंची घरमालकाच्या कमरेच्या मापाने..."

होय म्हाराजा कुणाच्याच तोंडून येईना, बाबलकाकांच्याही. त्या ओट्याशी ताई स्वतः उभी राहणार नव्हती, हे त्या एका ओळीत तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. कागदावरून वर बघत ती म्हणाली, "काय ओ, आवाज खंय गेलो?" भावजी म्हणाले, "माका नवो ओटो नको. हो आसा तो बरो आसा." "बरो आसा?" ताई म्हणाली, "जल्मभर कंबर मोडता म्हणान सांगलास. आता निमित्त रवाचा नाय म्हणान भितास?" भावजी उठले आणि अंगणात जाऊन पाठ करून उभे राहिले. संदीप त्यांच्यामागे जायला लागला, तर ताईने त्याला हाताने थांबवलं आणि मोठ्या आवाजात पुढची ओळ वाचली. "ओट्यासमोर उभे राहण्यासाठी फणसाच्या लाकडाचा रुंद पाट, एक. कारण घरमालकाची मेहुणी बुटकी आहे, आणि तिला दुसऱ्याच्या हातचा चहा चालत नाही."

मी उसळलेच. "बुटकी? आनि तू काय माडाएवढी?" म्हणाले. संदीप डोळे पुसता पुसता हसायला लागला, बाबलकाकांना हसताना ठसका लागला. आणि अंगणातून, आमच्याकडे पाठ करूनच, भावजींचा आवाज आला, "होय म्हाराजा." ताईने विचारलं, "कशाक? ओट्याक की पाटाक?" ते वळले. चेहरा ओला होता. म्हणाले, "दोनांकय."

कागद मिटताना बाबलकाकांनी विचारलं, "मतबदलाचा काय गो? ता वाचूक नाय तू." ताई म्हणाली, "ह्या घरात मत बदलणारा माणूस एकच, ती मी. आता माका काय बदलूचा नाय."

काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालं. ती खुर्चीतून गवंड्यांना पिडायची आणि ते आनंदाने पिडून घ्यायचे. मी शेवटची तिला भेटले तेव्हा ओटा बांधून झाला होता, वरचा काळा दगड नुकताच बसवला होता. माझ्या आधाराने ती स्वयंपाकघरात आली आणि ओट्याशी उभी राहिली. तो तिच्या बरगड्यांपर्यंत आला. बँकेच्या काउंटरवर ठेवतात तसे तिने त्यावर दोन्ही हात ठेवले आणि स्वतःशीच हसली. मग भावजींना म्हणाली, उभे ऱ्हवा बघू. भावजी उभे राहिले. हात दगडावर, पाठ सरळ. तिने त्यांच्याकडे किती वेळ बघितलं... मग माझ्या कानात म्हणाली, "बघ गो, केवढे उंच आसत, नाय?" लग्नाच्या दिवशी त्या विटेवर उभी असतानाही तिने मला हेच सांगितलं होतं, अगदी याच आवाजात.

ती गेली ती पुढच्या काही दिवसांत. थंडी सरत आली होती, आंगणेवाडीची जत्रा होऊन गेली होती. कार्य आटोपल्यावर संदीपने पुन्हा विषय काढला. म्हणाला, बाबा, बॅग भरू का? भावजी उठून आत गेले. बराच वेळ भांड्यांचे आवाज येत राहिले. बाहेर आले ते ट्रेमध्ये चहाचे कप घेऊन. संदीपने घोट घेतला, बापाकडे बघितलं. म्हणाला, "बाबा, साखर कमी घाला." आणि स्वतःची बॅग भरायला गेला. मुंबईला जाण्याआधी उरलेली कौलं त्याने उभं राहून बसवून घेतली, आणि आता तो रोज सकाळी फोनवर बापाला विचारतो, आज काय शिजवलात? भावजींना आता पेज येते, कुळथाची पिठी येते, सोलकढी माझ्यापेक्षा बरी येते. हे मी त्यांच्या तोंडावर कबूल करणार नाही.

काम ताईच्या आकड्यात बसलं. चुकली ती एकच ओळ, तिने न लिहिलेली. जुन्या ओट्याचा दगड टाकून द्यायचा होता, तो उचलायला माणसं आली आणि भावजींचं मत बदललं. गवंड्याला परत बोलावून त्यांनी तो पडवीत, दोन चिऱ्यांवर बसवून घेतला. सकाळी त्यावर बसून ते स्वतः केलेला चहा पितात. त्या मजुरीचे पैसे देताना म्हणाले, "सुमनचा इस्टिमेट पयल्यांदा चुकला." मला तर त्यांच्या आवाजात थोडी फुशारकीच वाटली.

परवा मी मसुऱ्याला गेले. ओट्यासमोर तो पाट होता, फणसाचा, पिवळाधमक. सुताराला मी आधी नावं ठेवली होती की एका बाईसाठी हा एवढा रुंद कशाला केला. त्याने सांगितलं, बायने माप दिलं तसाच केला. मी पाटावर चढून नारळ खवायला घेतला. हात बरोबर उंचीला आला. भावजी मागून आले आणि म्हणाले, "शैला, मधी रव गो. कडेक रवलंस तर पडशीत."

मी खाली बघितलं. नेहमीसारखीच मी डाव्या कडेला सरकून उभी होते. उजवीकडे आणखी एक माणूस आरामात उभं राहील एवढी जागा होती.

"नको, भावजी," मी म्हटलं. "मी हयसरच बरी आसंय."